फॉर्मातला फ्रिज

आमचे सर घाबरट होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं सरांना देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. पावसाळ्यात ते दरडींना घाबरायचे, उन्हाळ्यात आटलेल्या विहिरींना, हिवाळ्यात पोरांच्या खोकल्याला. जीपमध्ये बसण्याआधी चारी टायर बुटानं दाबून बघायचे. आमच्याकडच्या जीपमध्ये आत चौदा आणि टपावर सहा माणसं बसतात, तिथं टायर दाबून काय कळणार होतं देव जाणे. ड्रायव्हर म्हणायचा, "हवा हाय मास्तर, बसा आता." मग सर बसायचे, पण दाराशी. उलटलीच तर पोरांना भराभर बाहेर ओढता यावं म्हणून.

जव्हारच्या आमच्या हायस्कुलात ते भूगोल शिकवायचे. मूळचे सांगलीकडचे. बाहेरून आमच्या डोंगरात आलेला माणूस पहिल्याच वर्षी परतीची वाट शोधायला लागतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. सर एकवीस वर्षं राहिले. का राहिलात म्हणून विचारलं तर म्हणायचे, "इथला पाऊस अर्धवट मोजून कसा सोडू?" शाळेच्या मागं त्यांनी पाऊस मोजायचं नळकांडं बसवलं होतं. रोज सकाळी आठच्या ठोक्याला ते तिथं हजर. चष्म्याच्या घरात चष्मा नसायचा, थर्मामीटर असायचा. चष्मा नाकावर आणि थर्मामीटर खिशात, असा सगळा थाट.

त्यांच्यासमोर 'खूप' हा शब्द काढायची सोय नव्हती. "सर, काल खूप पाऊस झाला." "खूप म्हणजे किती?" "सर, खूप भूक लागलीय." "खूप म्हणजे किती? दोन भाकरीची की तीन?" एकदा आम्हांला जामसरला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं नेलं, जुन्या काळी पाऊस कसा असायचा ते विचारायला. म्हातारबा भाताच्या बांधावर बसून रंगात आलेले. म्हणाले, "तवा पाऊस सांगून यायचा. आता चोरासारखा येतो नि चोरासारखा जातो." आम्ही सगळे वा वा करतोय, आणि सर वही उघडून विचारतात, "सांगून म्हणजे किती दिवस आधी?" म्हातारबांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि आम्हांला म्हणाले, "ह्यांना ऊन लागलंय का रं?"

आम्ही हसलो. पण सर खरंच घाबरलेले असायचे, हे तेव्हा कळत नव्हतं. मोखाड्याकडच्या पाड्यांवर फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसायला लागतो, बाया चार-चार हंडे घेऊन रांगेत बसतात. आमच्यासाठी ते नेहमीचंच. सर मात्र दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचे, ओली दोरी मोजायचे आणि पुन्हा एकदा मोजायचे. म्हणायचे, "आपल्याकडं इतका पाऊस पडतो आणि आपण जानेवारीनंतर तहानलेले. आणि आता तर सगळ्या पृथ्वीचाच ताप वाढतोय म्हणतात. तुमचं कसं होणार रे?" हे 'तुमचं कसं होणार' ते इतक्या कळकळीनं म्हणायचे, की आम्हांला आमचं काहीतरी झालंच आहे असं वाटायला लागायचं.

शिरपामाळला सहल गेली होती त्याची गोष्ट तर शाळेत कित्येक वर्षं सांगत. सरांनी निघताना बत्तीस पोरं मोजली, पोचल्यावर बत्तीस, पाणी पिल्यावर बत्तीस. लाडू वाटताना तेहेतीस निघाली. जवळच्या पाड्यावरची एक पोर लाडू बघून आमच्या रांगेत घुसली होती, दुसरं काही नाही. दुसरा मास्तर असता तर तिला लाडू देऊन मोकळा झाला असता. सरांनी लाडू दिला, पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "इथं एक जास्त आलंय म्हणजे कुठंतरी एक कमी झालंय." आणि त्या पोरीचा हात धरून तिच्या आईला शोधायला निघाले. आई माळाच्या पलीकडं लाकडं गोळा करत होती. तिला पोर कमी झाल्याचा पत्ताच नव्हता!

आकड्यांच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. पावसाच्या वहीत चुकीचा आकडा पडला तर रबर लावायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, आणि बाजूला सही. आणि ज्यानं लिहिला त्यानंच खोडायचा. दुसऱ्याच्या आकड्याला हात लावायचा नाही, अगदी मास्तरानंसुद्धा. "चूक करायला लाज नाही," म्हणायचे, "पण ती दिसली पाहिजे." ऐकायला चांगलं वाटतं. पंधरा वर्षांच्या पोरीला ते किती जड जातं, हे सरांना कुणी सांगायला हवं होतं.

मी नववीत होते. घर दाभोशाला, आणि शिकायला जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात. त्याच्या आधी दोन वर्षं सरांनी जर्मनीतल्या एका लहान गावच्या शाळेशी पत्रव्यवहार लावला होता. आमच्या पावसाचे आकडे तिकडं जायचे, त्यांच्या बर्फाचे आकडे इकडं यायचे. टपालखात्याची माणसं सरांना बघितल्यावर आपण होऊन जर्मनीचं तिकीट काढून ठेवायची. त्यातून ठरलं, की त्यांची नऊ मुलं जानेवारीत आमच्याकडं येणार, आमच्या नऊ जणांच्या घरी पाच दिवस राहणार, हवामान बदलतंय म्हणजे काय ते एकमेकांच्या गावात बघणार. आणि मे महिन्यात आम्ही नऊ जण सरांबरोबर तिकडं जाणार. सगळा खर्च त्यांच्या बाजूनं. सरांनी ठाण्याला चार खेपा घालून पासपोर्ट काढला आणि एक जाड स्वेटर घेतला. तिकडच्या डोंगरावर मे महिन्यातही बर्फ असतो, तो मोजतात कसा हे त्यांना बघायचं होतं. आयुष्यात दुसरी कसली हौस त्यांनी केलेली मला तरी माहीत नाही.

येण्याआधी तिकडून एक फॉर्म आला. आपण पृथ्वीला किती तापवतो याचा हिशेब. इंग्रजीच्या मॅडमनी वाचून मराठीत सांगितला. घरात गाड्या किती? दिवे किती? फ्रिज आहे का? वर्षातून विमानानं किती वेळा जाता? आणि शेवटी बेरीज. आम्ही लिहीत गेलो: शून्य, एक, शून्य, शून्य. नऊ वर्षं शाळेत आम्ही एकच गोष्ट पक्की शिकलो होतो, की शून्य म्हणजे भोपळा आणि भोपळा म्हणजे तास संपेपर्यंत उभं राहणं. जर्मनीची पोरं भोपळेवाल्यांच्या घरी कशाला येतील? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि हळूहळू आकडे फुगायला लागले. एकाचा काका जीप चालवायचा, त्यानं गाड्या दोन लिहिल्या. एकानं विमान तीन वेळा लिहिलं. मी म्हटलं, "अरे, कधी गेलास?" तर म्हणाला, "आमचे घरावरून जातं की रोज."

मी फ्रिज लिहिला. एक.

शेजारच्या बाकावर जव्हारातल्या एका क्लार्कची मुलगी होती. तिच्या घरी खरा फ्रिज होता. तिनं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "तुमच्याकडं फ्रिज? दाभोशात?" मी म्हटलं, "मग!"

संध्याकाळी सरांनी फॉर्म बघितले आणि धावतपळत वसतिगृहात, मग मुलांच्या खोलीवर, सगळीकडं जाऊन सांगून आले. "अरे, हे उलटं आहे! जितका आकडा लहान तितके तुम्ही चांगले. तुमचं शून्य बघून त्यांनी मान खाली घालावी असा हा पेपर आहे. उद्या सकाळी आठपर्यंत ज्यानं त्यानं आपापलं खोडा. एक रेघ आणि सही." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खोडलं. विमान गेलं, जीप गेली. मी पेन उघडून बसले. रेघ मारली तर खालचं 'एक' दिसणार होतं. क्लार्कच्या मुलीला दिसणार, मॅडमना दिसणार, जर्मनीत दिसणार. रबर चालत असता तर मी शंभरदा खोडलं असतं.

आठला सर आले. माझा फॉर्म त्यांनी जरा जास्त वेळ धरला. "झालं तुझं?"

"हो सर."

त्यांनी खाली सही केली.

जानेवारीत पाहुणे आले, नऊ मुलं आणि त्यांच्या शाळेतल्या एक बाई. शाळेच्या मैदानात ढोल, फुलं, मुख्याध्यापकांचं भाषण, सगळं झालं. माझ्या वाट्याला लेना नावाची मुलगी आली होती. उंच, नाकावर ठिपके, सारखी हसणारी. जीप सुटायच्या आधी तिनं माझ्या हातात एक निळी पिशवी दिली आणि इंग्रजीत सावकाश म्हणाली, "हे तुझ्या फ्रिजमध्ये ठेवायचं. माझं इन्सुलिन आहे." मला कळलं नाही असं बघून तिनं बोटानं पोटाला सुई टोचल्यासारखं केलं. मग सांगितलं, की फ्रिजवाली घरं तीनच होती. दोन जव्हारातली. आईनं तीच निवडायला सांगितली होती, पण मी फॉर्मात लिहिलं होतं ना, की आमच्या गावाजवळ नदी आहे आणि मोठा धबधबा आहे, म्हणून तिनं हट्टानं माझं घर घेतलं.

पिशवी तिथंच परत द्यायला हवी होती. तरी तोंड चाललं बघा. मी म्हटलं, "ओके."

घरी पोचलो. कारवीच्या कुडाचं आमचं घर, शेणानं सारवलेलं, दिव्याची एक तार, आणि लोडशेडिंगमुळं ती पण नावाला. लेना इकडं तिकडं बघत होती. मी म्हटलं, "फ्रिज शेजाऱ्यांकडं आहे, मी ठेवून येते." दुसरं खोटं. पिशवी घेऊन मागच्या पडवीत गेले आणि पाण्याच्या माठाखाली, जिथं ठिबकून गारवा असतो, तिथं लपवली. आईनं बघितलं. तिला सांगितलं, पोरीचं साखरेचं औषध आहे, गार लागतं. आईनं तोंडावर हात घेतला. "एवढीशी पोर नि तिला साखर? नि तू काय गं, तिला सांग ना आमचे घरात काय नाय म्हणून!" मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही. त्या रात्री लेनाला माझ्या शेजारी शांत झोप लागली होती, आणि मी पडल्या पडल्या तिचा श्वास चालू आहे ना ते बघत होते. इन्सुलिन खराब झालं तर माणूस किती वेळात मरतं, हे मला माहीत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं.

सकाळच्या पहिल्या जीपनं सर आले. नऊ घरांची फेरी करायला निघाले होते, सगळ्यांत लांबचं घर आधी. ते जीपमधून उतरतायत तोवर मी रस्त्यावर पोचले होते. "सर, आमच्याकडं फ्रिज नाही. आणि तिचं इन्सुलिन आहे." एवढंच बोलले आणि रडायला लागले.

मला वाटलं कानाखाली बसेल. सर रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मग विचारलं, "ते तुझ्या हातात येऊन किती तास झाले?"

"काल चार वाजल्यापासून, सर."

"सोळा," ते म्हणाले. "चल."

आधी त्यांनी लेनाला सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाले, की या घरात फ्रिज नाही आणि हे काल कळायला हवं होतं. ती घाबरली नाही, ते तिनं माझ्यासाठी केलं की खरंच, मला अजून माहीत नाही. टोचायचं वापरातलं पेन बाहेर चालतं, म्हणाली, पण राखीव साठा दोन ते आठ डिग्रीत हवा. सरांनी औषधाच्या डबीतला कागद घेऊन अक्षर न् अक्षर वाचला. त्याच जीपच्या ड्रायव्हरजवळ पाहुण्यांच्या बाईंसाठी चिठ्ठी दिली आणि मग त्यांनी माझ्या आईला विचारलं, "वहिनी, तुमच्या घरात सगळ्यांत गार जागा कुठली?"

आई म्हणाली, "जागा कुठली? करावी लागते." तिनं मला नदीवर पिटाळलं. मोठ्या मडक्यात नदीची ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, लहान्यात ती डबी, वर भिजवलेलं फडकं, आणि सगळं पडवीत वाऱ्याच्या तोंडाला. उन्हाळ्यात ती दूध असंच राखायची. सरांनी फडक्याखालून थर्मामीटर सोडला आणि मडक्यासमोर पाटावर बसले ते दुपारपर्यंत हलले नाहीत. दर अर्ध्या तासाला आकडा. बाहेर एकोणतीस, आत बावीस. मग आत एकवीस. फडकं सुकलं की आई पाणी मारायची आणि म्हणायची, "मास्तर, भाकर तरी खा." सर म्हणायचे, "एकवीसच आहे हो अजून." लेना त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं वही स्वतःकडं घेतली. सर वाचायचे, ती लिहायची. मी कोपऱ्यात बसून देवाला म्हणत होते, एक डिग्री उतरव, आयुष्यभर खोटं बोलणार नाही.

आकडा विसाच्या खाली काही उतरला नाही.

दुपारी पाहुण्यांच्या बाई आल्या. मडकं बघितलं, वही बघितली, डबीतली बाटली उजेडात धरून बघितली. एवढ्या तासांत काही बिघडलेलं नाही, म्हणाल्या, पण साठा इथं राहणार नाही. पिशवी घेऊन गेल्या आणि जव्हारच्या सरकारी दवाखान्यात लसींच्या फ्रिजमध्ये ठेवली. लेना पाचही दिवस आमच्याकडंच राहिली. तिला काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण इथं मला थांबवून तेच विचारतो.

झालं ते सरांना झालं. पाहुणे परत जायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांच्या ऑफिसात त्यांच्या बाई, सर आणि इंग्रजीच्या मॅडम बसल्या होत्या. मला पाण्याचे ग्लास घेऊन पाठवलं होतं. ग्लास ठेवून मी बाहेर आले ती दाराशीच थांबले. बाई विचारत होत्या, फॉर्मात फ्रिज आला कसा? मुलीनं लिहिला का? मुख्याध्यापक म्हणाले, "अहो सर, बोला ना. पोरीनं थाप मारली असेल तर तसं सांगा, तिचं नाव कापू, विषय संपला."

माझं नाव कापायचं म्हणजे जर्मनी गेली. पण त्याहून मोठी भीती होती ती बा-ला कळायची. आमच्या घरातून जव्हारला शिकायला गेलेली मी पहिली. त्यानं सगळ्या गावात सांगितलं होतं, आमची पोर विमानात बसणार.

सर म्हणाले, "फॉर्मवर सही माझी आहे."

"पण लिहिलं कुणी?"

सर काही बोलले नाहीत. बराच वेळ बोलले नाहीत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. दोन पावलं टाकली असती तर आत होते. टाकली नाहीत, खोटं नाही सांगत. मग मुख्याध्यापकांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "ठीक आहे." पुढं बाई काय म्हणाल्या ते मला कळलं, ते कळायला चांगलं इंग्रजी लागत नव्हतं. मुलांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्यामुळं मे महिन्यात दुसरं कुणीतरी घेऊन यावं. मुख्याध्यापकांनी सरांना लेखी समज दिली आणि तिची नोंद सेवापुस्तकात केली.

आम्ही गेलो इंग्रजीच्या मॅडमबरोबर. सकाळी जीपपाशी सर आले होते. आम्हांला मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊ. टायर दाबले. नव्या घडीचा तो स्वेटर त्यांनी मॅडमच्या हातात दिला आणि म्हणाले, "पोरांपैकी कुणाला थंडी वाजली तर." मला वाजली. डोंगरावर बर्फाच्या कडेला मी सरांचा स्वेटर घालून उभी होते, बाह्या गुडघ्यापर्यंत. लेनाच्या घरात फ्रिज दोन होते, एक वर आणि एक तळघरात. तिनं विचारलं, "तुमचे ते मोजणारे सर का नाही आले? त्यांना हे बघायचं होतं ना?" मी म्हटलं, "त्यांना बरं नव्हतं." तिसरं खोटं. देवाला काय कबूल केलं होतं ते त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

परत आल्यावर सरांनी वर्गात बर्फाबद्दल शंभर प्रश्न विचारले. किती जाड, किती डिग्री, मोजायची काठी कसली. मला वेगळं असं काहीच नाही. दहावीला त्यांनी मला शिकवलं, डी.एड.चा फॉर्म भरायला त्यांनीच मदत केली. भरलेला फॉर्म मी तीनदा तपासून त्यांच्या हातात दिला. मी मनाशी असं धरून चालले होते, की सरांनी मला पोटाशी घेतलं, माफ केलं, आणि माझ्यासाठी गप्प राहिले. किती थोर माणूस, असं मी मैत्रिणींना सांगायचे. कशामुळं थोर ते मात्र सांगायचे नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा मी मोखाड्याच्या बाजूला जिल्हा परिषद शाळेत नुकती लागले होते. निरोपसमारंभाला आले. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. संपल्यावर सर भूगोलाच्या खोलीत नकाशे गुंडाळत होते. मी आत गेले, पाया पडले आणि सहा वर्षं पाठ केलेलं वाक्य बोलले. "सर, तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. तुमचे उपकार कसे फेडू?"

सरांनी नकाशा खाली ठेवला. "तुझ्यासाठी?"

"ऑफिसात. त्या फ्रिजच्या वेळी."

"अगं, फॉर्म हातात घेतला तेव्हाच मला शंका आली होती," ते म्हणाले. "विचारलं नाही. भिडस्तपणा म्हण. ती माझी चूक, तेवढी मी 'सही माझी' म्हणून कबूल केली. पण फ्रिज तू लिहिला होतास. दुसऱ्याचा आकडा मी कसा खोडणार?" पुढचा नकाशा ओढला. "मी दाराकडं बघत होतो. मला तुझा हात दिसत होता, चौकटीवरचा. वाटलं, आता येईल. मी किती वेळ थांबलो माहिती आहे? मुख्याध्यापक म्हणाले 'ठीक आहे', तरी मी बघतच होतो."

सहा वर्षं ज्याला मी माफी समजत होते, ती त्यांनी दिलेलीच नव्हती. ते फक्त वाट बघत होते, आणि मी आलेच नव्हते. या माणसाचा एकुलता एक बर्फ मी खाल्ला, आणि वर त्याला थोरपणा चिकटवून मोकळी झाले. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचासुद्धा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, "सर, मी आत्ता जाऊन सांगते मुख्याध्यापकांना. सगळं."

खरं सांगते, मला वाटलं ते म्हणतील, राहू दे गं आता, जुनी गोष्ट. आपल्याकडं वडीलधारी माणसं असंच म्हणतात. सगळं पोटात घालतात.

सरांनी घड्याळ बघितलं. "जा," म्हणाले. "पाचपर्यंत असतात ते."

मी मैदान ओलांडून ऑफिसात गेले. मुख्याध्यापक तेच होते. हाराची फुलं टेबलावरून गोळा करत होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सर, फ्रिज मी लिहिला होता. भूगोलाच्या सरांनी नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुठला फ्रिज?"

मी खुर्ची ओढून बसले आणि फॉर्मापासून सांगायला लागले.